न दुखणारी दाढ : एका फसलेल्या पल्पोटॉमीचा प्रकरण अभ्यास

मुलीचे वय ६ वर्षे ५ महिने, वजन १९ किलो. खालच्या जबड्यात डावीकडे दुधाच्या दुसऱ्या दाढेवर, म्हणजे ७५ क्रमांकाच्या दाताला, स्टीलची कॅप. कॅपखाली गालाकडच्या हिरडीवर तांदळाच्या दाण्याएवढी पिवळसर पुळी. ही पुळी मधूनमधून फुटते, मग पंधरा दिवस काही दिसत नाही, असे आईचे सांगणे. ताप नाही, गालाला सूज नाही, मुलगी त्याच बाजूने भाकरी चावते. घरच्यांनी तिला आणले ते दाढ दुखते म्हणून नव्हे, सकाळी तोंडाला वास येतो म्हणून.

या दाढेवर १४ महिन्यांपूर्वी पल्पोटॉमी झाली होती, म्हणजे दाताच्या आतला नसा-रक्तवाहिन्यांचा मऊ गाभा (पल्प) वरच्या भागातून काढून मुळांतला तसाच ठेवला होता. मुलांच्या दंतविभागात असा घटनाक्रम पुन्हा पुन्हा दिसतो. खालचे प्रकरण कोणा एका मुलीच्या केसपेपरची नक्कल नाही, अशा अनेक केसपेपरांत सापडणाऱ्या चुका आणि निर्णय एकत्र यावेत म्हणून ते रचले आहे. त्यातली वैद्यकीय माहिती, मात्रा आणि पायऱ्या प्रत्यक्ष उपचारातल्याच आहेत.

पहिली भेट : कोणाला काय विचारले

त्या वेळी मुलगी ५ वर्षे ३ महिन्यांची होती. वडील घेऊन आले होते. केसपेपरवर एकच ओळ होती : ‘गोड खाल्ल्यावर दुखते, अन्न अडकते, दोन आठवडे.’ एक्स-रेमध्ये दोन दाढांच्या मधल्या बाजूने कीड पल्पपर्यंत पोचलेली, मुळांच्या फाट्यातले (दोन मुळांच्या मधले) हाड शाबूत, मुळांची झीज नाही. एवढ्यावर पल्पोटॉमीचा निर्णय झाला. लिहिलेली तक्रार खरी मानली तर तो बरोबरही होता. खाताना दुखणे आणि खाणे थांबले की थांबणे, हे वरच्या भागापुरत्या दाहाचे लक्षण. अशा वेळी दाताच्या पोकळीतला पल्प काढून मुळांतला जिवंत ठेवता येतो.

पण मुलगी रात्री आजीजवळ झोपत होती, आणि आजीला कोणी विचारले नव्हते. चौदा महिन्यांनी आजी बरोबर आली तेव्हा कळले, की उपचाराच्या आधीच्या आठवड्यात पोरगी दोनदा झोपेतून रडत उठली होती. आजीने लवंगेचे तेल लावून, थोपटून तिला झोपवले होते. आपोआप उठणारी, झोपमोड करणारी कळ बहुधा मुळांतला पल्पही सुजल्याची खूण असते. त्या दाढेला पल्पोटॉमी पुरत नाही. पाच वर्षांच्या मुलाला ‘कधी दुखते, किती वेळ दुखते’ विचारून खात्रीचे उत्तर मिळत नाही. थंड लावून किंवा विजेच्या यंत्राने केलेली पल्पची चाचणीही या वयात भरवशाची नाही. म्हणून रात्री मुलाशेजारी कोण झोपते हे आधी शोधायचे आणि त्या माणसाला, गरज पडली तर फोनवर, तीन प्रश्न विचारायचे : झोपेतून उठवले का, दुखण्याचे औषध द्यावे लागले का, किती वेळात शांत झाले.

खुर्चीवर : रक्त थांबेना तेव्हा

वजन १६ किलो. २ टक्के लिग्नोकेन, म्हणजे बधिर करायचे औषध, प्रतिकिलो ४.४ मिलिग्रॅम या कमाल मर्यादेने ७० मिलिग्रॅम, म्हणजे ३.५ मिलिलिटर. दिले १.५ मिलिलिटर. इथे काही चुकले नाही. रबर डॅम, म्हणजे दात लाळेपासून वेगळा ठेवणारा रबराचा पडदा, मात्र लावला नव्हता, लाळ रोखायला कापसाच्या गुंडाळ्या होत्या. पाच वर्षांच्या मुलाची जीभ कापूस दोन मिनिटेही जागेवर राहू देत नाही, आणि लाळेतले जंतू उघड्या पल्पवर पोचले की पुढचे औषध कितीही चांगले असो, पाया कच्चाच राहतो.

कीड काढली, पोकळीचे छत उडवले, वरचा पल्प धारदार स्पूनने काढला, सलाइनने भिजवून पिळलेला कापसाचा बोळा मुळांच्या तोंडांवर ठेवला. बोळा ओलाच हवा. कोरडा ठेवला तर गुठळी त्याला चिकटते आणि उचलताना पुन्हा रक्त सुरू होते. पाच मिनिटांनी पुढच्या मुळाची दोन्ही तोंडे कोरडी होती. मागच्या मुळाच्या तोंडातून गडद रक्त झिरपत होते.

या प्रकरणाचा निकाल इथे लागला. पाच मिनिटांत रक्त न थांबण्याची नेहमीची कारणे दोन. एक, छताच्या राहिलेल्या कडेखाली पल्पचा धागा अडकलेला असतो आणि तोच वाहत असतो. हे कारण आधी तपासायचे : कड साफ करायची, धागा काढायचा, नवा ओला बोळा ठेवून पुन्हा थांबायचे. दुसरे, मुळातला पल्पच सुजलेला असतो. पहिले कारण दूर करूनही रक्त येत राहिले, तर आतला पल्प वाचवण्याच्या स्थितीत नाही हे दाढच सांगत असते. त्याच बैठकीत पल्पेक्टॉमीकडे, म्हणजे मुळांतलाही पल्प काढून नलिका भरण्याकडे, वळायचे किंवा दाढ काढायची. तिसरी वाट नाही.

इथे तिसरी वाट घेतली गेली. १५.५ टक्के फेरिक सल्फेट १५ सेकंद लावले, रक्त थांबले नाही म्हणून पुन्हा लावले. रक्त थांबले. फेरिक सल्फेट रक्तातल्या प्रथिनांशी संयोग होऊन केशवाहिन्यांच्या तोंडाशी बूच तयार करते. पल्प निरोगी असो वा सुजलेला, बूच दोन्हीकडे बसते. म्हणून रक्ताची परीक्षा फक्त सलाइनच्या बोळ्याने घ्यायची आणि ती पास झाल्यावरच औषध उघडायचे. औषधाने रक्त थांबवून ‘थांबले’ असे लिहिणे म्हणजे तापाची गोळी देऊन मग थर्मामीटर लावणे.

फेरिक सल्फेट हे औषध वाईट नाही. निवडलेल्या दाढेवर ते चांगले काम करते. तरी आज शक्य असेल तिथे एमटीए किंवा बायोडेंटीन यांसारखे दातांचे सिमेंट वापरावे, कारण ही द्रव्ये मुळाच्या तोंडाशी घट्ट झाकण करतात आणि खाली नवे डेंटीन (दाताचा आतला कठीण थर) बनायला वाव देतात. एमटीए तीन भाग पावडरला एक भाग पाणी या प्रमाणात कालवतात आणि ते पक्के व्हायला पावणेतीन तासांच्या आसपास लागतात. बायोडेंटीन साधारण १२ मिनिटांत बसते, म्हणून हलणाऱ्या मुलाच्या तोंडात ते सोयीचे. एमटीएने दात काळवंडतो ही तक्रार स्टीलच्या कॅपखालच्या दाढेला लागू नाही. फॉर्माल्डिहाइड असलेल्या फॉर्मोक्रेसॉलने अनेक दशके पल्पोटॉमी होत आली, पण २००४ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइडला माणसात कर्करोग करणारे द्रव्य ठरवल्यापासून ते मागे पडत गेले. कॅल्शियम हायड्रॉक्साइड मात्र दुधाच्या दाढेच्या पल्पोटॉमीत वापरू नये. मुळाची आतून झीज होण्याचा धोका त्याने वाढतो, विशेषतः खाली रक्ताची गुठळी राहिली असेल तर.

फेरिक सल्फेटनंतर पोकळीत झिंक ऑक्साइड-युजेनॉल भरले, वर ग्लास आयोनोमर. कॅप ‘पुढच्या आठवड्यात’ लावायची ठरली.

तो पुढचा आठवडा

मुलगी पाच महिन्यांनी आली. दुखणे थांबले होते आणि ‘दुधाचीच दाढ, पडणारच आहे’ हे वाक्य घरात कोणीतरी म्हटले असणार. आली ती भरलेल्याचा एक कोपरा तुटला म्हणून. त्याच दिवशी उरलेले भरण नीट करून कॅप बसवली. एक्स-रे काढला नाही.

इथल्या दोन चुका वेगळ्या ओळखायला हव्यात. पल्पोटॉमी झालेली दाढ पोकळ आणि ठिसूळ असते, कडा तुटतात, फटीतून लाळ आणि जंतू आत जातात. वरून झिरपणे हे अशा दाढा फसण्याचे मोठे कारण आहे, म्हणून कॅप त्याच बैठकीत बसवायची. मूल दमले असेल तर सगळा उपचारच दुसऱ्या दिवशी ठेवावा, पण अर्धा करून घरी पाठवू नये. दुसरी चूक अधिक गंभीर. पाच महिने फटीतून लाळ गेलेल्या दाढेवर आत काय चालले आहे हे न पाहता कॅप बसवली, म्हणजे घाण आत ठेवून दार लावले. त्या दिवशी एक छोटा एक्स-रे काढला असता तर कदाचित पल्पेक्टॉमीची संधी अजून होती.

चौदाव्या महिन्यातली तपासणी

कॅपची मागची कड हिरडीपासून उचललेली. दाढ बोटाने हलवली की गाल-जिभेच्या दिशेने एक मिलिमीटरपेक्षा जास्त हलते. पुळीच्या तोंडातून बारीक गटापर्चा, म्हणजे एक्स-रेमध्ये दिसणारा रबरासारखा धागा, घालून एक्स-रे घेतला, तो थेट मुळांच्या फाट्यात जाऊन थांबला.

मोठ्यांच्या दातात पूचा डाग मुळाच्या टोकाशी शोधायची सवय असते. दुधाच्या दाढेत नजर आधी फाट्यात जायला हवी. या दाढांच्या पोकळीचा तळ पातळ असतो, त्यातून बारीक उपनलिका थेट फाट्यातल्या हाडात उतरतात, आणि संसर्गाला टोकापर्यंत जायची गरजच पडत नाही. इथे फाट्यातले हाड पूर्ण गेले होते. मागच्या मुळाची बाहेरून एक तृतीयांशाहून अधिक झीज होती. मागच्याच मुळात, वरच्या तिसऱ्या हिश्शात, आतून फुगलेली गोल पोकळी दिसत होती आणि तिची फाट्याकडची भिंत तुटलेली होती. ही आतून होणारी झीज. दुधाच्या दातांची मुळे इतकी पातळ असतात की ती एक्स-रेमध्ये दिसेपर्यंत बहुतेक वेळा भिंत फुटलेलीच असते. ज्या मुळातून रक्त थांबत नव्हते तेच हे मूळ.

सगळ्यात काळजीची गोष्ट खाली होती. ७५ च्या मुळांच्या कुशीत ३५, म्हणजे तिची कायमची उपदाढ, घडत असते. तिच्या कोशाभोवती, म्हणजे ती घडते त्या पिशवीभोवती, एक्स-रेमध्ये जी पांढरी रेषा दिसते, ती वरच्या बाजूला दोन-अडीच मिलिमीटर पुसली गेली होती. या उपदाढेचा वरचा भाग साधारण सहा ते सात वर्षांच्या दरम्यान घडून पूर्ण होतो, म्हणजे पू नेमका एनॅमल तयार होत असताना त्याच्या डोक्यावर साचत होता.

पर्याय

काही न करता थांबणे : दुखत नाही म्हणून घरच्यांना हाच पर्याय आवडत होता. पुळीला वाट असल्यानेच दुखत नव्हते. पू वाहता राहतो, दाब चढत नाही, कळ येत नाही, आणि खाली उपदाढेचे नुकसान चालू राहते. आई-वडिलांना एक्स-रे समोर धरून ती पुसलेली रेषा बोटाने दाखवल्यावर चर्चा संपली.

नुसती प्रतिजैविके : ताप नाही, पसरणारी सूज नाही, तेव्हा कारण नाही. मेलेल्या पल्पला रक्तपुरवठा नसतो, औषध तिथे पोचत नाही. पुळी दहा दिवस सुकते आणि परत येते, मधल्या काळात सगळ्यांना बरे झाल्यासारखे वाटते.

पल्पेक्टॉमी : मूळ आतून फुटलेले असताना भरणाचे द्रव्य त्या भोकातून थेट उपदाढेच्या कोशाकडे जाईल. झिंक ऑक्साइड-युजेनॉल बाहेर गेले तर मुळापेक्षा हळू विरते, त्याचे कण वर्षानुवर्षे हाडात राहू शकतात आणि येणारा दात वाट बदलू शकतो. कॅल्शियम हायड्रॉक्साइड-आयोडोफॉर्मची पेस्ट लवकर विरते, पण ती दाढेच्या आतूनही विरते आणि नलिका रिकाम्या होतात. धुण्यासाठीचे सोडियम हायपोक्लोराइट, १ टक्का असले तरी, अशा भोकातून बाहेर गेले तर क्षणात तीव्र कळ, सूज आणि काळेनिळेपण येते. त्यामुळे हा पर्याय बाद.

तीन प्रतिजैविकांची पेस्ट ठेवून दाढ काही महिने टिकवणे : यावर खरा विचार झाला, कारण ३६, म्हणजे सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ, अर्धीच वर आली होती. ७५ आणखी सहा महिने उभी राहिली असती तर ३६ तिच्या आधाराने योग्य जागी आली असती. सिप्रोफ्लॉक्सासिन, मेट्रोनिडाझोल आणि, दातांवर डाग पाडणाऱ्या मिनोसायक्लिनऐवजी, क्लिंडामायसिन अशी पेस्ट झिजलेल्या मुळांच्या दाढेत वर्षभरापर्यंतच्या मुदतीसाठी ठेवता येते. कोशाची रेषा शाबूत असती तर हाच पर्याय घ्यायला हवा होता. ती तुटली होती, दाढ हलत होती. जागा गेली तर ऑर्थोडॉन्टिक्सने, म्हणजे तारांनी दात सरकवून, परत मिळवता येते, बिघडलेले एनॅमल परत मिळत नाही. दाढ काढायचे ठरले.

काढताना

१९ किलोला लिग्नोकेनची मर्यादा सुमारे ८३ मिलिग्रॅम, २ टक्क्यांचे ४.१ मिलिलिटर. लागले १.८. खालच्या दाढेसाठी शिंगाच्या आकाराच्या टोकाचा जो चिमटा मोठ्यांत वापरतात, तो दुधाच्या दाढेला अजिबात लावायचा नाही. त्याची टोके फाट्यात शिरतात आणि तिथे उपदाढ असते. मुळांनी उपदाढेला कवेत घेतले असेल तर आधी दाढ गाल-जिभेच्या दिशेने कापून दोन्ही मुळे वेगळी काढायची. इथे हाड आधीच गेलेले असल्याने सावकाश बाहेर-आत हलवून दाढ सुटली.

मागच्या मुळाला वाटाण्याच्या अर्ध्याएवढी मऊ पिशवी चिकटून आली, ती फॉर्मेलिनमध्ये घालून तपासणीला पाठवली. अहवालात जुनाट दाहाच्या पेशी आणि नव्याने भरत असलेली ऊती, गाठीचे अस्तर नाही. ही तपासणी टाळू नये. पल्पचा उपचार झालेल्या खालच्या दुसऱ्या दाढेखाली कधीकधी दाहामुळे कोशाची गाठ तयार होते, उपदाढ खाली-बाजूला ढकलली जाते आणि जबड्याचे हाड फुगेपर्यंत मुलाला काहीच जाणवत नाही.

दाढ काढल्यावर खळगा खरवडण्याचा मोह आवरावा. मोठ्यांच्या दातात जे स्वच्छता म्हणून करतात, त्याने इथे उपदाढेचा कोशच ओरबाडला जातो. सलाइनने हलकेच धुतले, गॉज चावायला दिला, पंधरा मिनिटांनी पाहिले. काढलेल्या मुळांची टोके मोजून घेतली. एखादा बारीक तुकडा कोशाजवळ राहिला असेल आणि सहज दिसत नसेल, तर तो तसाच ठेवून केसपेपरवर लिहायचा, शोधायला खोल जायचे नाही.

पॅरासिटामॉल प्रतिकिलो १५ मिलिग्रॅमने २८५ मिलिग्रॅम येते. ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेले सिरप ५.५ मिलिलिटर, लागले तरच, सहा तासांच्या अंतराने. प्रतिजैविक दिले नाही. घरच्यांना दोन गोष्टी निक्षून सांगितल्या. दोन-तीन तास ओठ बधिर असेल, मूल तो गंमत म्हणून चावते आणि संध्याकाळी ओठ सुजून पांढरी जखम दिसते, ती पू समजून लोक घाबरतात. तेव्हा बधिरपणा जाईपर्यंत खाणे नाही, ओठावर लक्ष. दुसरे, गाल सुजला तर बाहेरून गरम शेक द्यायचा नाही. त्याने सूज आणि पू बाहेर त्वचेकडे येऊ शकतो. ताप, तोंड उघडायला त्रास, गिळायला त्रास, जिभेखालचा भाग वर उचललेला, यातले काहीही दिसले तर वेळ पाहायची नाही, त्याच वेळी मोठ्या रुग्णालयात न्यायचे. तिथे शिरेतून प्रतिजैविके द्यावी लागतात.

जागा राखणे

ही बाजू बहुतेक ठिकाणी अर्धवट सुटते. ३६ वर येत असते तेव्हा ती पुढे सरकायला सगळ्यात मोकळी असते. ७५ ची जागा गेली की ३५ ला यायला वाट उरत नाही, आणि ती साधारण अकराव्या वर्षी येते. नेहमीचा उपाय, मागच्या दाढेवर पट्टी आणि पुढे तारेची कडी, इथे बसत नव्हता. ३६ च्या मागच्या भागावर अजून हिरडीचा पडदा होता, पट्टी खाली जात नव्हती. दोन्ही बाजू जोडणारी जिभेकडची कमान या वयात लावायची नाही. खालचे कायमचे बाजूचे दोन पटाशीचे दात सात ते आठव्या वर्षी आणि पुष्कळदा जिभेच्या बाजूनेच उगवतात, तार त्यांच्या आड येते.

म्हणून उलटी रचना : ७४ वर, म्हणजे पुढच्या दुधाच्या पहिल्या दाढेवर, पट्टी, तारेची कडी मागे ३६ च्या पुढच्या भिंतीला टेकलेली, हिरडीपासून एक मिलिमीटर वर. दाढ काढल्यानंतर दहाव्या दिवशी ग्लास आयोनोमरने बसवली. हिची मर्यादा माहीत असावी. ३६ वर येताना कडीखालून निसटू शकते, आणि ७४ ही ३५ येण्याच्या आधीच पडते. ही व्यवस्था वर्ष-दीड वर्षाची आहे. चारही खालचे पुढचे दात आले आणि ३६ आणि उजवीकडची तशीच दाढ ४६ पूर्ण वर आल्या की कमान लावायची.

तीन महिन्यांच्या तपासणीत कडी ३६ ला टेकलेली होती, जागा दाढ काढण्याआधी मोजून ठेवली होती तेवढीच. हिरडी बरी, पुळीची खूणही नाही. एक्स-रेमध्ये फाट्याच्या जागी हाड भरू लागले होते. ३५ च्या बाबतीत दोन्ही शक्यता घरच्यांना लिहून दिल्या आहेत. सातव्या वर्षाआधी दाढ काढली की वर हाड आणि घट्ट हिरडी तयार होते आणि उपदाढ उशिरा येते. पण संसर्गाने वरचे हाड खाल्ले असेल तर ती मूळ पुरेसे न वाढताच लवकर डोके काढते. आल्यावर तिच्यावर पांढरा-तपकिरी, खडबडीत पट्टा असू शकतो. तो दिसताच लवकर कीड लागू नये म्हणून फ्लोराइड आणि गरजेप्रमाणे भरण करायचे.

केसपेपरच्या पहिल्या पानावर आता लाल शाईत आहे : ३५ चा एक्स-रे दर सहा महिन्यांनी, दुखो वा न दुखो. त्याच मुलीच्या ८५ वर, म्हणजे उजवीकडच्या तशाच दुधाच्या दाढेवर, दुसरीकडे झालेली पल्पोटॉमी आहे, तिचाही एक्स-रे याच बैठकीत काढला. फाट्यातले हाड शाबूत आहे. पुढचा सहा महिन्यांनी.